किरकोळ खर्च बंद करून गाडीचा हप्ता निघेल का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. महिनाभर दोघांनी बसून खर्च लिहून काढलात, किरकोळ खर्च ४ टक्के असेल असं वाटत होतं तो निघाला घरी येणाऱ्या पगाराच्या ११ टक्के, आणि आता मिस्टर म्हणतायत की हे सगळं बंद करू, त्यातच पहिल्या गाडीचा हप्ता सुटेल. खर्च लिहिलात ते बेस्ट केलंत, बहुतेक लोक चार दिवसांत वही सोडून देतात. पण गाडीचं घाईने ठरवू नका.

आधी गणितच बघा. हप्ता ९ टक्के बसतोय असं तुम्ही लिहिलंय, पण गाडी घेतली की इन्शुरन्स आला, इंधन आलं, सर्व्हिसिंग आलं, त्याचे अजून ३ टक्के तरी धरा, झाले १२. म्हणजे ११ चे शून्य केलेत तरी कमीच पडतात. आणि शून्य काही होत नाही हो. पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात चिडचिड सुरू होते आणि मग एक दिवस सगळं एकदमच खर्च होतं. तुमच्या यादीत २ टक्के सबस्क्रिप्शन आहेत, ४ टक्के ऑनलाइन मागवलेलं आणि ५ टक्के येता जाता बाहेर झालेला खर्च. सबस्क्रिप्शन निम्मी करा, ऑनलाइनचं निम्म्यावर आणा, बाहेरच्यातला १ टक्का कमी करा, एवढं झेपतं. सुटले ४ टक्के. याच्या वर मी कुणाच्याच बजेटमध्ये धरत नाही.

दुसरं म्हणजे किरकोळ खर्च वाईट असला तरी तो उद्या सकाळी थांबवता येतो. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर त्याच दिवसापासून बंद. हप्ता ५ वर्षं थांबत नाही. हाताशी असलेली ही ढील तुम्ही कायमच्या देण्यात बदलायला निघालाय आणि इमर्जन्सी फंडाचा मेसेजमध्ये कुठे उल्लेखच नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

आणि ताई, क्रेडिट कार्डाचं तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंय, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. बिल पूर्ण भरत नाही, थोडं भरून बाकी पुढे ढकलता. असं केलं की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत जाते आणि नवीन खरेदीवर सुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज लागतं, अगदी बारीकसारीक वस्तूवर पण. महिन्याला ३ टक्के दर असेल तर ऐकायला किती लहान वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाचे साधारण ४२.६ टक्के होतात. त्यामुळे वाचलेले ४ टक्के सगळ्यात आधी कार्डात भरा, गाडीबिडी नंतर. आणि तोवर रोजची खरेदी कार्डावर नकोच. कार्डाने हात सैल सुटतो हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये, ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांचा २००१ चा प्रयोग आहे, त्यात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितली, तर कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. तिकीट तेच!

कार्ड कोरं झालं की मग गाडीची ट्रायल घ्या. पगार जमा होईल त्याच दिवशी १२ टक्के दुसऱ्या खात्यात टाकायचे, ऑटोमॅटिक लावून ठेवा, महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं तर काहीच उरत नाही. असं सहा महिने बाकीच्यात भागवून बघा. जमलं तर ७२ टक्के, म्हणजे पाऊण पगाराच्या आसपास जमा झालेला असेल, त्यातलं थोडं डाउन पेमेंटला घाला, हप्ता कमी होईल, बाकीचं इमर्जन्सीसाठी ठेवा. आणि मधेच पैसे परत काढावे लागले तर गाडी सध्या परवडत नाही एवढं कळलं, तेही कर्ज न काढता.

मिस्टरांना एक सांगा, दोघांसाठी २-२ टक्के बिनहिशोबी ठेवा, त्याचं कोणी कोणाला विचारायचं नाही. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी एक जण नाराज होतंच, चालतंय.

कार्डावर बाकी किती आणि व्याजाचा दर काय ते स्टेटमेंट बघून कळवा, किती महिन्यांत फिटेल ते मी काढून देते.