वाचकांचे प्रश्न : डेंग्यू बळावणार का, हे रक्त आधी सांगते का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला. तिसऱ्या दिवशी एनएस-1 (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी) चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा तो बरा दिसत होता; पाचव्या दिवशी ताप उतरला आणि नेमका त्याच वेळी त्याला दाखल करावे लागले. चयापचयाच्या तपासणीवरून विषाणूजन्य आजाराची तीव्रता आधी कळते, असे नुकतेच वाचनात आले. आमच्याकडच्या लॅबमध्ये ‘मेटाबोलिक प्रोफाइल’ असे पॅकेज मिळते. ते केले असते, तर धोका आधी कळला असता का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नसता कळला, तेव्हा ही रुखरुख आपण मनाला लावून घेऊ नये. लॅबच्या अशा पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन अशा ठरावीक घटकांची मोजणी असते. आपण वाचलेल्या संशोधनात मास स्पेक्ट्रोमीटर या, रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राने रक्तातील शेकडो लहान रेणू एकाच वेळी मोजले जातात आणि ज्यांचा आजार पुढे बळावला व ज्यांचा बळावला नाही, अशा रुग्णांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत कोणता फरक होता, याचा शोध घेतला जातो.

एनएस-1 चाचणी संसर्ग झाल्याचे सांगते. तो किती तीव्र होईल, हे मात्र शरीर त्याला कसा प्रतिसाद देते यावरही बरेच अवलंबून असते. अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे उदाहरण घेऊ. संसर्ग झाल्यावर पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडतात, त्यामुळे एक विशिष्ट विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि ते ट्रिप्टोफॅनचे रूपांतर कायन्युरेनिन या दुसऱ्या रेणूकडे वळवते. पहिला रेणू घटतो, दुसरा वाढतो आणि दाह किती पेटला आहे याचा अंदाज त्यांच्या प्रमाणावरून बांधता येतो. सेरोटोनिन हा संदेशवाहक रेणूही ट्रिप्टोफॅनपासूनच बनतो आणि रक्तातील जवळजवळ सर्व सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये साठलेले असते. सिंगापूरमधील रुग्णांवरील 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना पुढे रक्तस्रावी डेंग्यू झाला त्यांच्या सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) सेरोटोनिन आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच इतर डेंग्यूरुग्णांपेक्षा कमी आढळले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण संकट दिसू लागण्यापूर्वीची खूण त्यात सापडते.

मग ही तपासणी तालुक्याच्या लॅबपर्यंत का पोहोचलेली नाही? यंत्र महाग आहे, हे एक कारण झाले. पण खरी अडचण रक्ताच्या नळीपासूनच सुरू होते. साध्या नळीत रक्त गोठते तेव्हा प्लेटलेट आपले सेरोटोनिन बाहेर सोडतात. ईडीटीए हे रसायन घातलेल्या जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठत नाही, म्हणून ते बरेचसे प्लेटलेटमध्येच राहते. त्यामुळे एकाच रुग्णाचे, एकाच वेळी घेतलेले रक्त केवळ नळी बदलल्याने अगदी वेगळा आकडा दाखवू शकते. शिवाय आधीचे जेवण, मधुमेह, यकृताचा जुना आजार, नमुना बाहेर किती वेळ राहिला, या सर्वांचा परिणाम अशा रेणूंवर होतो.

रुग्णांच्या छोट्या गटावर जुळलेले गणित नव्या रुग्णांवर तितकेच जुळेल, याचीही खात्री नसते. कोविडसाठी चीनमधील संशोधकांनी 2020 मध्ये 22 प्रथिने आणि 7 चयापचयी रेणू यांवरून तीव्र रुग्ण ओळखणारे संगणकीय प्रारूप तयार केले. 10 नव्या रुग्णांवर ते तपासले, तेव्हा 7 जणांच्या बाबतीत ते बरोबर ठरले. संशोधनासाठी हे उमेद वाढवणारे आहे. कोणाला घरी पाठवावे आणि कोणाला दाखल करावे, हे मात्र त्यावर ठरवता येणार नाही.

पुतण्याच्या बाबतीत जे घडले, ते डेंग्यूत वारंवार दिसते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतो त्याच सुमारास, काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, झिरपू लागतो. त्यामुळे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, वाढते आणि त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने घसरतात. या दोन्हींची मोजणी साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीच्या चाचणीत) होते, म्हणून या दिवसांत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा करून घ्यावी आणि दोन्ही आकडे एकत्र पाहावेत. नुसत्या प्लेटलेटकडे पाहून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर ताप नसला तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.