नुरुकला खमीर म्हणायचं की विरजण?

प्रश्न असा आलाय की कोरियन माक्कॉली (तांदळाची पांढरी, आंबूस दारू) बनवताना जे नुरुक (गव्हाची बुरशी आलेली ढेप) घालतात त्याला मराठीत खमीर म्हणावं का विरजण, आणि मेजू (कोरियन सोय सॉससाठीची सोयाबीनची वीट) म्हणजे पण तेच का.

खमीर तर नकोच. खमीर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर यीस्ट येतं, आणि यीस्टला साखर लागते, भातातला स्टार्च त्याला थेट खाता येत नाही. नुरुकमधलं खरं काम बुरशीचं आहे, एस्परजिलस, रायझोपस, म्युकर असल्या. त्या अमायलेज सोडतात, अमायलेज स्टार्च तोडून साखर करतं आणि मग त्याच ढेपेत असलेलं यीस्ट त्या साखरेची दारू करतं, दोन्ही कामं एकाच मडक्यात सोबतच चालू. शिवाय लॅक्टिक बॅक्टेरिया असतात, आंबटपणा त्यांचा. म्हणजे खमीर हा त्यातला एक भाडेकरू झाला, अख्खी चाळ नाही.

बनवतात कसं ते बघा म्हणजे शब्द सुचेल. गहू जाडाभरडा दळायचा, न शिजवता, थोडंसंच पाणी शिंपडायचं, फडक्यात गुंडाळून पायानं तुडवून घट्ट चकती करायची (कोरियातल्या बुसान शहरातल्या गुमजंगसान्संगचं नुरुक अजून असंच तुडवतात) आणि उबदार खोलीत ठेवायचं. बुरशी वरून लावत नाहीत, गव्हातून, हवेतून, गवतातून आपोआप येते. नंतर चुरा करून ऊन दाखवतात, वास जायला.

विरजण त्यापेक्षा बरं, पण विरजण म्हणजे कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आणि इथे तर दरवेळी गव्हापासून नवीन ढेप.

माझं मत विचाराल तर किण्व. हल्ली आपण किण्व म्हणजे यीस्ट असं धरून चालतो पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात 'किण्वबंध' येतो, उडदाचा लगदा, तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पती एकत्र करून केलेला, म्हणजे नुरुकसारखंच धान्याचं तयार मिश्रण. झारखंड-बंगालकडे हंडियासाठी (तांदळाची दारू) अशाच गोळ्या वापरतात, त्यांना बाखर म्हणतात, पण तो शब्द उचलला तर लोक भाऊसाहेबांची बखर काढून बसतील. साध्या लेखात सरळ 'नुरुक' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'दारूसाठी बुरशी आणलेली गव्हाची ढेप' एवढं सांगा. 'बुरसलेली' लिहू नका प्लीज, त्यात फेकून द्यायचा वास येतो.

मेजू वेगळं. ती शिजवून कुटलेल्या सोयाबीनची वीट, भाताच्या पेंढ्यानं बांधून टांगतात. तिथे मुख्य काम प्रोटीन तोडायचं, म्हणून प्रोटीएज, आणि ते बुरशीइतकंच बॅसिलस बॅक्टेरियाही करतात. पुढे मिठाच्या पाण्यात मुरवली की पाण्याचा गानजांग (सोय सॉस) होतो आणि उरलेल्या गाळाचा द्वेनजांग (सोयाबीनची खारट पेस्ट). त्यामुळे तिला किण्वही म्हणू नका, मेजूच ठेवा.