मेथी, कारलं, जांभळाच्या बिया घेऊन मधुमेहाची गोळी बंद करता येईल का?

नाही. वडिलांची उपाशीपोटी साखर 165 येते, गोळी चालू आहे, ती थांबवून शेजाऱ्यांनी सांगितलेलं कारलं-मेथी-जांभूळबी सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. मी गोळी न थांबवता नुसतं कारलं वाढवलं, तरी हात पोळून घेतले.

मला टाइप टू मधुमेह निघून अकरा वर्षं झाली. दुसऱ्याच वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस सुरू केला. ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी चालूच होती. डॉक्टरांना बोललो नाही, भाजीचा रस तो, त्यात काय सांगायचं! चार-पाच दिवसांनी रस आणि गोळी घेऊन, नाश्ता न करताच फिरायला गेलो. परतलो तर बनियन घामानं चिंब, हात थरथरतायत, किल्ली कुलपात जाईना. मीटरवर 58. बायकोनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आलो. नाश्ता बुडवला ही चूक माझीच, पण कारलंही साखर खाली ओढतं आणि ती गोळीही.

मेथी मात्र आजही घेतो. चमचाभर दाणे रात्री भिजवले की सकाळी बुळबुळीत होतात ना, तो बुळबुळीतपणाच कामाचा. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून नुसतं पाणी पिऊन दाणे फेकू नका, चावून खा. फरक पडतो, पण थोडा.

गुडमार या वेलीचं पान चघळून साखर तोंडात टाका, वाळू चावल्यासारखी लागते. गंमत आहे खरी, पण जिभेला गोड कळेनासं झालं म्हणून रक्तातली साखर उतरत नाही. बिबळा या झाडाच्या लाकडाचा पेलाही आणला होता, त्यात ठेवलेलं पाणी प्यायला. पाण्याला सुंदर निळसर झाक यायची, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी मात्र जागची हलली नाही. हल्ली त्यात पेनं ठेवतो.

वडील ‘केमिकल नको’ म्हणत असतील तर सांगा, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा शोधही गलेगा या युरोपातल्या झुडपातल्या द्रव्यावरूनच लागला. आणि लेबल नसलेली ‘शुगरची पावडर’ घरात आणू नका, असल्या पावडरींत ॲलोपॅथीची गोळीच कुटून घातलेली सापडली आहे.

आधी वडिलांच्या गोळीचं पाकीट बघा. त्यावर ग्लिमेपिराइड किंवा तिच्याच जातीची ग्लिक्लाझाइड लिहिलं असेल, तर कारल्याच्या रसाआधी डॉक्टरांना फोन करा.