एडीएचडीची गोळी 2 वर्षांनी कमी पडतेय, डोस वाढवावा का?

मुलगा 9 वर्षांचा, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ) मिथाइलफेनिडेट ही गोळी 2 वर्षं चालू, आणि आता दुपारी पुन्हा चुळबूळ, वर जेवणही कमी, असं तुम्ही लिहिलंय. स्वतःहून डोस अजिबात वाढवू नका. आधी आठवडाभर वहीत लिहा: गोळी किती वाजता दिली, चुळबूळ किती वाजता सुरू झाली. साधी गोळी साधारण 4 तास टिकते, हळूहळू सुटणारी 8 ते 12 तास. म्हणजे डोस पुरेसा असूनही दिवसाला पुरत नाही, असं होऊ शकतं. माझ्या मुलीच्या वेळी आमची अशीच वही बघून डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, गोळीचा प्रकार बदलला.

भुकेचं मात्र मनावर घ्या. माझ्या मुलीचा डबा रोज तसाच परत यायचा, पोळीचा तुकडाही मोडलेला नसायचा. आता गोळीआधी भरपेट नाश्ता, आणि रात्री भूक लागली की तूप-भात, थालीपीठ, मागेल ते. उंची-वजन दर 6 महिन्यांनी तपासा. नाडी, रक्तदाब डोस बदलला की लगेच. वर्षातून एकदा ‘अजून गरज आहे का’ हेही विचारा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस थांबवून बघता येतं. चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही, म्हणून संपायच्या आठवडाभर आधीच अपॉइंटमेंट घ्या.