‘च’ चा हिशेब

“मॅडम, नुसतं बोलून काय होणार? तुम्ही माझी ब्रँच बदलून देणार आहात का?”

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. ताणासाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या दर दोघांपैकी एकाच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त बहुतेक जण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय ४६. एका सहकारी बँकेत कॅशियर. सहा महिन्यांपासून संध्याकाळी कॅश जुळवताना छातीत धडधड, तळहातांना घाम, रात्री तीनला टक्क जाग. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. “डॉक्टर म्हणतात काही नाही. म्हणजे मी नाटक करतोय का?”

नाटक नव्हतंच. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. मग समोर वाघ असो की न जुळणारा आकडा, हृदय पळायच्या तयारीला लागतं. छातीच्या तक्रारीला आधी डॉक्टर गाठायचा हे त्यांनी योग्यच केलं होतं. मी औषध देऊ शकत नाही. झोप सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली आणि आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो, हे तिचं मूळ. मराठीत हा हट्ट पकडायला सोपा, कारण तो एका अक्षरात मावतो: ‘च’. व्हायलाच हवं, मिळालंच पाहिजे.

त्यांना वहीत आठवडाभराचे ‘च’ लिहून आणायला सांगितले. पहिलाच होता, ‘कॅश जुळलीच पाहिजे.’ मी उत्साहाने त्याच्यावर तुटून पडले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ती जुळलीच पाहिजे. तो माझा हट्ट नाही, काम आहे.”

बरोबर होतं त्यांचं. घाई माझीच झाली होती.

खरा ‘च’ सापडला चौथ्या भेटीत. मार्चच्या गर्दीत एकदा पाच हजार कमी भरले होते. त्यांनी ते पदरचे घातले आणि घरी अवाक्षर काढलं नाही. वहीत त्या पानावर होतं, ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ आणि त्याखाली, बारीक अक्षरात, ‘हिला कळताच कामा नये.’

पुढच्या भेटी या दोन ओळींवर गेल्या. वीस वर्षांत किती वेळा कॅश कमी आली? तीनदा. बाकीच्या कॅशियरांची येते? येते. त्यांना तुम्ही नालायक म्हणता? “छे हो!” मग स्वतःलाच का? इथे ते बराच वेळ गप्प राहिले. मीही मध्ये बोलले नाही.

जोडीला दोन साध्या गोष्टी. कॅश मोजण्याआधी पाच श्वास, बाहेर सोडताना जास्त लांब. आणि काळजीला ठरावीक वेळ: रोज साडेसहा ते पावणेसात, वही घेऊन. रात्री तीनला विचार आला की त्याला ‘उद्या साडेसहाला’ असं सांगायचं. पहिल्या आठवड्यात हा प्रकार त्यांना निव्वळ पोरकट वाटला. तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री सलग झोप लागली. मग पुन्हा एक वाईट आठवडा गेला, असं होतं.

ब्रँच तीच आहे, गर्दीही तीच. बायकोला सांगायचं मात्र ते पुढे ढकलत राहिले. मी लकडा लावला नाही.

नवव्या भेटीला आले ते हसतच. “परवा दोनशे कमी आले. भरले, आणि घरी गेल्या गेल्या सांगून टाकलं. मार्चचंही सांगितलं.”

“मग?”

“पाच हजारांवर तासभर बोलली. लपवलं म्हणून. दोनशेचं ऐकून म्हणाली, ‘दोनशेच ना?’” ते थांबले. “मॅडम, हा ‘च’ ठेवला तर चालेल का?”