बोअर वाढवलेल्या एटीव्हीचं इंजिन जाम झालं: दावा कुणावर आणि कोणत्या पुराव्यावर?

प्रश्न: शेतात आणि माळरानावर फिरवायला सव्वा वर्षापूर्वी १२५ सीसीची चारचाकी एटीव्ही घेतली. वॉरंटी दोन वर्षांची. चढावर दम कमी पडतो म्हणून एका गॅरेजमध्ये ५२.४ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) जागी ५७.४ मिमीचं सिलिंडर किट आणि उघडा एअर फिल्टर बसवून घेतला. ३४,००० रुपये यूपीआयने दिले. आठवडाभरात पिस्टन जाम झाला. गॅरेजवाला म्हणतो, ‘तुम्ही गाडी ताणलीत, आणि स्पोर्ट्स पार्टला हमी नसते.’ डीलर वॉरंटी संपली म्हणतो, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटची तक्रारसुद्धा घेत नाही. त्यात पुतण्या गाडी पेट्रोल पंपावर घेऊन गेला आणि नोंदणी व विमा नसल्याचं चलान झालं. मी काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी एक काम करा. इंजिन कुणालाही उघडू देऊ नका. गॅरेजवाल्याला नाही, डीलरला नाही आणि ओळखीच्या मिस्त्रीलाही नाही. एकट्याने उघडलेल्या इंजिनातून काहीही निघालं तरी समोरचा म्हणणार, ‘हे नंतर झालं.’ मग तुमच्या दाव्यात दम राहत नाही.

गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहे, हजर राहा, न आल्यास तपासणी तुमच्या गैरहजेरीत होईल, असं स्पष्ट लिहा. सात दिवसांची मुदत पुरे. तपासणी परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअरकडून करून घ्या आणि हजर असलेल्यांच्या सह्यांसह पंचनामा करा. त्याच नोटिशीत जुना सिलिंडर, पिस्टन आणि एअर फिल्टर परत मागा. ते भाग तुमच्या मालकीचे आहेत, आणि इंजिन मूळ मापावर आणायचं झाल्यास तेच लागतील.

इंजिन उघडल्यावर दोष कुणाचा हे बरंचसं पिस्टनच सांगतो. गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना चार ठिकाणी खरवडल्याच्या खुणा असतील, तर पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळीक कमी ठेवली असण्याची शक्यता मोठी. या आकाराच्या एअर-कूल्ड इंजिनात ती साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी असते, पण किटबरोबर कागद आला असेल तर त्यावरचा आकडाच धरा. एक्झॉस्टच्या बाजूला जास्त खरचटलं असेल, पिस्टनच्या माथ्यावर टोचल्यासारखे खड्डे असतील आणि प्लगचं पोर्सिलेन पांढरंफटक असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडलं. उघड्या फिल्टरने हवा वाढली. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) जुनंच राहिलं असेल तर हेच होणार. जेटवर नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो जवळून आणि स्पष्ट घ्या, कारण सगळ्या प्रकरणात याहून स्वस्त आणि याहून ठोस पुरावा मिळणार नाही. रिंग गॅपही, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, मोजून घ्या. या बोअरला तो साधारण ०.२० ते ०.२५ मिमी लागतो. त्याहून कमी असेल तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात.

या तिन्ही गोष्टी बसवणाऱ्याच्या अखत्यारीतल्या. मात्र कॅमशाफ्ट आणि बेअरिंगही कोरडे, निळसर पडलेले निघाले, तर इंजिनाला ऑइल मिळालं नाही असं समजा, आणि मग पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल: ऑइल कधी बदललंत, पातळी कधी पाहिलीत? म्हणून उरलेलं ऑइल फेकू नका. ते मोजून सीलबंद बाटलीत ठेवा.

‘स्पोर्ट्स पार्टला हमी नसते’ हे उत्तर फार तर पार्टपुरतं चालेल. बसवण्याचं काम ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, आणि त्यातली चूक म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतली त्रुटी. तक्रार जिल्हा आयोगात, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. यूपीआयची नोंद, किटचं बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडा. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ फोन विकून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायची वेळ आली तर फोन हाताशी असलेला बरा. ‘किती ताणली’ याचा पुरावा गॅरेजवाल्याने द्यायचा. तरी रनिंग-इनबद्दल (नवे भाग बसवल्यावर सुरुवातीला गाडी हळू चालवण्याबद्दल) त्याने तुम्हाला काही सांगितलं होतं का, ते आत्ताच आठवून तारखेसह लिहून ठेवा.

कंपनीविरुद्ध इंजिनाचा दावा करण्यात मला अर्थ दिसत नाही. ५७.८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरला, तर या किटने इंजिन सुमारे १२५ वरून १५० सीसीवर गेलं. इतक्या बदलानंतर जाम झालेल्या पिस्टनची जबाबदारी कंपनी घेणार नाही, आणि तिचं म्हणणं चुकीचंही नाही. बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी. इंजिनातल्या बदलाने तो खराब कसा झाला, हे वॉरंटीच्या कोणत्या अटीच्या आधारे म्हणता, असं डीलर आणि कंपनी दोघांना लेखी विचारा. वॉरंटी पुस्तिकेत ‘कोणताही बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ असं असेल तर लढाई अवघड होईल. ‘बदलामुळे झालेला बिघाड’ असे शब्द असतील तर बाजू तुमची.

आता चलान. ‘गाडी तर शेतातच असते’ हा बचाव इथे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ सार्वजनिक ठिकाणाबरोबर ‘इतर कोणत्याही ठिकाणी’ही नोंदणी मागतं. सूट मिळते ती कलम २(२८) मधल्या, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास प्रकारच्या वाहनांना. उघडं माळरान बंदिस्त आवार नव्हे, आणि पेट्रोल पंप तर नव्हेच. नोंदणी नसल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा नसल्यास कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुतण्या अठरा वर्षांचा झालेला असेल तर चलान भरून टाका, पण भरल्याने गाडी रस्त्यासाठी वैध होत नाही. पुढच्या वेळी ती ट्रॉलीवरून न्या, नाहीतर पेट्रोल डब्यात आणा.

हे मॉडेल मुळात नोंदणीयोग्य आहे का, ते डीलरकडून लेखी घ्या. असेल, तर कलम ५२ लागू होतं: नोंदणी पुस्तकात येणारा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन नंबर क्रँककेसवर (सिलिंडरखालच्या इंजिनाच्या कवचावर) असतो, त्यामुळे सिलिंडर बदलल्याने नंबर बदलत नाही. सीसी मात्र बदलते. कलम १८२अ(४) प्रमाणे बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून नोंदणी करायची असेल तर आधी ५२.४ चा सेट परत बसवा, तोही पंचनामा झाल्यावरच.

पुतण्याचं वय तुम्ही कळवलेलं नाही. तो अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ खाली गाडीचा मालक म्हणून तुमच्यावरच खटला येऊ शकतो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मुलाने तुमच्या नकळत गाडी नेली, किंवा ते टाळायची पुरेशी काळजी तुम्ही घेतली होती, हे दाखवता आलं तर सुटका आहे. तो अल्पवयीन असेल तर चलान भरायच्या आधी, त्यावर काही लिहून द्यायच्या आधी, कागद घेऊन जवळच्या वकिलाला भेटा.