एस्टरिफिकेशनसाठी सिलिकावर चढवलेलं हेटरोपॉली ॲसिड किती वेळा परत वापरता येतं? गाईड म्हणतात पाच वेळा, खरं का?

पाच वेळा. हा आकडा वाचला आणि चहा ठेवून टाईप करायला बसलो, कारण हाच आकडा माझ्या एमएस्सीच्या रिपोर्टमध्ये पण आहे आणि तो मला आजही डाचतो.

माझं रिॲक्शन करंजाच्या तेलातल्या फ्री फॅटी ॲसिडचं मिथेनॉलबरोबर मिथाईल एस्टर करायचं होतं, म्हणजेच एस्टरिफिकेशन. कॅटॅलिस्ट म्हणजे सिलिकावर २० टक्के टंगस्टोफॉस्फोरिक ॲसिड (हेच हेटरोपॉली ॲसिड, टंगस्टन-फॉस्फरसवालं), इंप्रेग्नेशन करून, म्हणजे सिलिका ॲसिडच्या द्रावणात भिजवून, ओव्हनला वाळवलेलं, छान पांढरी पावडर. मिथेनॉल भरपूर, रिफ्लक्स (उकळत ठेवून वाफ थंड करून परत भांड्यात) आठ तास, मग फिल्टर करायचं, धुवायचं, वाळवायचं, परत टाकायचं. केओएचचं टायट्रेशन दर वेळी ९० टक्क्यांच्या वर कन्व्हर्जन (किती ॲसिडचं एस्टर झालं ते) दाखवायचं आणि सर खूश. पण तिसऱ्या सायकलनंतर पावडर धुतलेलं मिथेनॉल लिटमसला लाल दाखवायला लागलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, पावडरीचं वजन भरतंय ना, मग काय उडून गेलं?

मग एका रविवारी लॅबमध्ये कोणी नसताना मी नवीन बॅच लावली, तासाभराने ४० टक्क्यांच्या आसपास असताना गरम गरमच गाळून घेतली (थंड झाल्यावर गाळलं तर सुटलेलं ॲसिड परत सिलिकावर बसतं आणि मग काहीच कळत नाही) आणि नुसता फिल्ट्रेट परत रिफ्लक्सला ठेवला. पावडरीचा कण नाही आत आणि कन्व्हर्जन चढत चढत ७० वर! थोडा फिल्ट्रेट उडवून उरलेलं पाण्याबरोबर हलवलं, पाण्याच्या थरात एचसीएलचे दोन थेंब आणि चिमूटभर जस्ताची पूड टाकली तर टेस्ट ट्यूब निळीशार. टंगस्टनच ते, दुसरं काय. म्हणजे आमचा 'सॉलिड' ॲसिड कॅटॅलिस्ट मिथेनॉलमध्ये विरघळून काम करत होता. हे ॲसिड पाण्यात, मिथेनॉलमध्ये साखरेसारखं विरघळतं, सिलिकाने धरून धरून किती धरायचं.

मग पाच सायकल ९० कसे आले? आठ तास दिले की अर्धामुर्धा कॅटॅलिस्ट पण तिथपर्यंत पोचतो, म्हणून. मी प्रत्येक सायकल एका तासावर थांबवून बघितली तर ४२, २७, १५. सर म्हणाले हे रिपोर्टमध्ये नको, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) गोंधळेल. नाही टाकलं. मार्कही मिळाले.

तर तुमच्या गाईडना एवढंच विचारा की पाच सायकल किती कन्व्हर्जनवर मोजल्या. पूर्ण कन्व्हर्जनवर मोजलेली रिसायकलेबिलिटी माझ्या मते निव्वळ धूळफेक आहे, मग तो पेपर कुठल्या का जर्नलमधला असेना. आणि बिनकॅटॅलिस्टचा ब्लँक लावा, फ्री फॅटी ॲसिड स्वतःही थोडं काम करतंच.

काय वापरायचं म्हणाल तर आधी ॲम्बरलिस्ट-१५ (ॲसिडवालं रेझिन) बघा, त्याचं सल्फोनिक ॲसिड पॉलिमरला बाँडने जोडलेलं असतं, फक्त १२० डिग्रीच्या वर नेऊ नका. हेटरोपॉलीच हवं असेल तर सीझियम सॉल्ट करा, ते विरघळायला नाखूश असतं, पण कण इतके बारीक की फिल्टर करताना रडाल. सल्फेटेड झिर्कोनियाच्या (सल्फेट चढवलेलं झिर्कोनियम ऑक्साईड) नादी इथे लागू नका, रिॲक्शनचंच पाणी हळूहळू सल्फेट धुऊन नेतं.

हां, एक राहिलं. सपोर्टेड ॲसिड सरसकट वाईट असं मी म्हणत नाहीये. किसेलगूरवरचं (एक सच्छिद्र माती) फॉस्फोरिक ॲसिड १९३० च्या दशकापासून रिफायनऱ्यांत वापरात आहे, आणि के-१० क्लेवर चढवलेलं हेच टंगस्टोफॉस्फोरिक टोल्युईनसारख्या नॉनपोलर सॉल्व्हंटमध्ये बऱ्यापैकी टिकतं. भांडण मिथेनॉल आणि पाण्याशी आहे. बरं, सरांशी पण आहे. तुम्ही तुमचा एका तासाचा आकडा रिपोर्टमध्ये टाका, एक्स्टर्नलला गोंधळू दे.